घरातली गिनी मोडण्याआधी: वजन, ठसा आणि टांकसाळ कशी तपासावी

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गिनी काउंटरवर ठेवली की समोरून पहिला प्रश्न येतो, "मोडायची हाय?" त्याला हो म्हणण्याआधी घरी अर्धा तास काढावा. गिनी हा दागिना नाही. ती ठरलेल्या वजनाची, ठरलेल्या कसाची आणि ठरलेल्या ठशाची सरकारी वस्तू आहे. म्हणून बांगडी किंवा साज घरी तपासता येत नाही, पण गिनी बऱ्याच अंशी तपासता येते. सगळी मापं आधीच जाहीर आहेत, आपण फक्त ताडून बघायचं.

आपल्याकडे गिनी म्हणून जे नाणं घरोघर आहे ते ब्रिटिश सॉव्हरिन. १८१६ साली इंग्लंडने चलनाची नवी घडी बसवली आणि १८१७ पासून हे एक पौंडाचं नाणं पाडायला सुरुवात केली. १८९९ च्या कायद्याने ते हिंदुस्थानातही चलनात ग्राह्य धरलं गेलं. रुपयाचा दर तेव्हा १६ पेन्स होता आणि पौंडाचे २४० पेन्स, म्हणून एका गिनीचे बरोबर १५ रुपये. त्या काळात पगारातून, व्यापारातून आलेल्या गिन्या लोकांनी खर्च केल्या नाहीत. कडी लावून गळ्यात घातल्या किंवा लक्ष्मीपूजनासाठी ठेवून दिल्या. आज निघतात त्या बहुतेक याच.

आधी वजन

लागणारं सामान थोडं आहे: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास-जाडी मोजणारा व्हर्नियर कॅलिपर (प्लास्टिकच्या जबड्याचा असला तर उत्तम, स्टीलचा असेल तर जबड्यांना चिकटपट्टी लावा), दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग आणि एक मऊ सुती कापड. नाणं कायम कडेला धरायचं, बोटांचा स्पर्श चेहऱ्याला नको. खाली कापड पसरून ठेवा, कारण फरशीवर पडलेल्या नाण्याच्या कडेला बसलेली ठेच कधीच जात नाही. टणत्कार ऐकण्यासाठी नाणं आपटायची जुनी सवय आहे, ती सोडा. चांगलं नाणं खराब होतं आणि खोटं नाणंही छान वाजू शकतं.

पूर्ण गिनीची मापं अशी: वजन ७.९८८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, कडेची जाडी १.५२ मिलिमीटर, कस २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६.६७. त्यात शुद्ध सोनं ७.३२२ ग्रॅम. जुन्या मापात सांगायचं तर आठ मासे आणि पावणेदोन गुंजा. अर्धी गिनी ३.९९४ ग्रॅम आणि १९.३ मिलिमीटर व्यासाची.

वजनाचा आकडा नीट वाचायला शिका, कारण अर्धा निकाल इथेच लागतो. टांकसाळीला कायद्याने फक्त ०.०१३ ग्रॅम इकडेतिकडे चालत होतं. म्हणजे कोरं नाणंसुद्धा ७.९७५ ते ८.००१ च्या आतच असणार. वापरलेलं नाणं झिजतं, ते ७.९४–७.९७ भरलं तर काळजी नाही. ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेलेली गिनी इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याप्रमाणे चलनातून बाद धरली जायची, आणि इतकी झीज डोळ्यांना दिसते: राजाच्या भुवया, केस, मागच्या बाजूच्या घोड्याची मान सपाट झालेली असते. ठसा एकदम टवटवीत आणि वजन मात्र ७.८५, असं असेल तर काहीतरी गडबड आहे.

जास्त वजनाला लोक फसतात. झिजलेला चेहरा आणि काट्यावर ८.०० किंवा ८.०३ दिसलं की आनंद होतो, पण ते चांगलं लक्षण नाही. स्थानिक सोनारांनी पूर्वी राजाराणीच्या छापाच्या गिन्या आपल्याच ठशांवर भरपूर पाडल्या, आणि त्या हिशोबाला सोप्या म्हणून बरोबर आठ ग्रॅमच्या केल्या. त्यांचं सोनं खोटं असेलच असं नाही, कधी कधी २२ कॅरेटपेक्षा सरसही असतं. फक्त ते नाणं नाही, नाण्याच्या रूपातला सोन्याचा तुकडा आहे, आणि त्याची किंमत कस काढूनच ठरते.

कडी झाळलेली, म्हणजे डाख देऊन जोडलेली, असेल तर वजनाची कसोटी लंगडी पडते. कडी आणि झाळ यांचं वजन वेगळं काढता येत नाही, त्यामुळे व्यास, ठसा आणि अक्षरं यांवर जास्त भर द्या. कडी घरी तोडू नका, सोनाराकडूनही काढून घेऊ नका. दिव्याच्या आचेने कडेचा रंग बदलतो, खाचा वितळतात, आणि संग्राहकाला कडी असलेल्या गिनीपेक्षा कडी काढून घासलेली गिनी जास्त खटकते.

लोहचुंबकाला चिकटली तर खोटी, इतकंच चुंबक सांगतं. पितळही चिकटत नाही, तेव्हा न चिकटण्याचा काही अर्थ लावू नका.

राजाची बाजू आणि घोड्याची बाजू

आता भिंग घ्या. उजेड एका बाजूने तिरका पडू द्या, वरून पडलेल्या उजेडात उठाव दिसत नाही.

चेहरा आणि साल यांची जोडी जुळली पाहिजे. तरुण व्हिक्टोरिया, केस बांधलेली: १८३८ ते १८८७. डोक्यावर छोटा मुकुट आणि ओढणी: १८८७ ते १८९३. वृद्ध, डोक्यावरून पदर घेतलेली: १८९३ ते १९०१. टक्कल पडलेला, दाढीवाला सातवा एडवर्ड: १९०२ ते १९१०. मिशी, दाढी आणि भांग पाडलेले केस असा पाचवा जॉर्ज: १९११ ते १९३२. सहाव्या जॉर्जची गिनी फक्त १९३७ सालची आणि तीही मोजक्या संग्राहकांसाठी, सपाट कडेची. म्हणून कुणी १९४२ ची सहाव्या जॉर्जची गिनी दाखवली तर पुढे तपासायची गरजच नाही. एलिझाबेथच्या गिन्या १९५७ पासून आहेत.

चेहऱ्याखाली किंवा मानेच्या कापावर शिल्पकाराची बारीक अक्षरं असतात, आणि नकली ठशात हमखास गाळली जातात किंवा चिखलासारखी होतात. तरुण व्हिक्टोरियाच्या मानेवर विल्यम वायनची दोन डब्ल्यू, मुकुटवालीच्या खांद्यावर जे.ई.बी., वृद्धेखाली टी.बी., एडवर्डच्या मानेखाली डीइएस, पाचव्या जॉर्जच्या मानेच्या कापावर बी.एम. भोवतीचा मजकूर लॅटिन, आणि त्यात यू च्या जागी व्ही असतो. वृद्ध व्हिक्टोरियापासून शेवटी 'इंड इम्प' येतं, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी किंवा सम्राट. त्याआधीच्या, मुकुट-ओढणीवाल्या गिनीवर ते नाही. इतक्या बारकाव्यात खोटं पाडणारा चुकतो, कारण त्याला लॅटिन वाचता येत नसतं, तो फक्त आकार उतरवतो.

मागची बाजू बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची या रोममध्ये जन्मलेल्या कोरक्याची. तो १८१५ साली लंडनला आला आणि दोनच वर्षांत त्याचा संत जॉर्ज नाण्यावर आला. उघड्या अंगाचा, शिरस्त्राण आणि मागे उडणारा झगा घातलेला स्वार, घोड्याच्या टापांखाली ड्रॅगन. पहिल्या काही वर्षांत स्वाराच्या हातात तुटलेल्या भाल्याचा दांडा होता, १८२१ पासून आखूड तलवार आली. दोनशे वर्षांनंतरही तेच चित्र चालू आहे आणि आम्हाला विचाराल तर त्याच्या तोडीची मांडणी दुसऱ्या कुठल्याच चलनी सोन्याच्या नाण्यावर नाही: गोल चौकटीत इतकी हालचाल, आणि कुठेही दाटी नाही. व्हिक्टोरियाच्या पहिल्या काळात मात्र मागे घोडा नसून ढाल आणि पानांची माळ असते. त्यामुळे ढालीची गिनी पाहून ती खोटी असं ठरवू नका.

इथे काय बघायचं? स्वाराच्या पायाची बोटं, घोड्याच्या छातीवरचे स्नायू, ड्रॅगनच्या पंखांच्या शिरा. खऱ्या नाण्यात झीज वरच्या भागांवर असते आणि खोलगट जागा स्वच्छ, धारदार राहतात. ओतीव किंवा कच्च्या ठशाच्या नकलेत उलटं होतं: वरचा भागही बुळबुळीत आणि खोलगट भागही. मोकळ्या जागेवर बारीक खडबडीतपणा, पुरळ आल्यासारखे ठिपके, किंवा अक्षरांच्या मुळाशी साचलेला धातू दिसला तर सावध व्हा. तारखेच्या उजवीकडे कडेशी बी.पी. ही इवलीशी अक्षरं शोधा.

मग नाणं उलटवा. एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जच्या गिन्यांमध्ये राजाचं डोकं वर धरून नाणं पुस्तकाच्या पानासारखं फिरवलं की स्वारही डोकं वर करूनच दिसायला हवा. तो उलटा किंवा वाकडा दिसला तर नाणं टांकसाळीचं नाही. शेवटी कडेच्या खाचा: सगळीकडे सारख्या अंतरावर, सरळ, आणि ओतल्याचा जोड कुठेही नाही.

टांकसाळीचं अक्षर

घोड्याच्या बाजूला, सालाच्या आकड्यांच्या बरोबर वर, जमिनीच्या पट्टीवर एक बारीक रोमन अक्षर असतं किंवा नसतं. नसेल तर लंडन. एस म्हणजे सिडनी, एम मेलबर्न, पी पर्थ, सी ओटावा, एसए प्रिटोरिया, आणि आय म्हणजे मुंबई. तरुण व्हिक्टोरिया आणि घोडा असलेल्या नाण्यात मात्र अक्षर तिच्या मानेखाली असतं, आणि ढालीच्या नाण्यात माळेच्या खाली. ढालीखाली अक्षराऐवजी बारीक आकडा दिसला तर तो लंडनच्या ठशाचा क्रमांक. १८६३ ते १८७४ च्या नाण्यांवर तो येतो.

अक्षर आणि साल जुळवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय. पर्थची टांकसाळ १८९९ ला सुरू झाली, ओटावाने १९०८ ते १९१९ या काळातच सॉव्हरिन पाडली, प्रिटोरियाची १९२३ ते १९३२. पाचव्या जॉर्जच्या काळात लंडनची सालं १९११ ते १९१७ आणि मग एकदम १९२५. म्हणजे १९१८ साल आहे पण अक्षर कुठेच नाही, अशी गिनी असूच शकत नाही. लंडनचं १९१७ साल अतिशय दुर्मीळ आहे, म्हणून त्याच्याच नकला भरपूर.

मुंबईच्या गिनीबद्दल थोडं सविस्तर. पहिल्या महायुद्धात समुद्रातून सोनं लंडनला नेणं धोक्याचं झालं, आणि सैन्यासाठी, खरेदीसाठी नाणं इथेच हवं होतं. म्हणून लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईच्या टांकसाळीत उघडायचं ठरलं. ठसे यायला उशीर झाला. तेवढ्यात हिंदुस्थान सरकारने तितक्याच वजनाची आणि तितक्याच कसाची १५ रुपयांची सोन्याची मोहर १९१८ मध्ये पाडून घेतली. नंतर ठसे आले आणि शाखेने सुमारे १३ लाख गिन्या पाडल्या. सगळ्यांवर १९१८ हे एकच साल, कारण शाखा १९१९ मध्ये बंद झाली. कोल्हापुरात या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या नावाने विकल्या जातात, म्हणून फरक लक्षात ठेवा: गिनीवर राजा उघड्या डोक्याचा आणि मागे घोडा, मोहरेवर राजा मुकुट घातलेला आणि मागे वेलबुट्टीच्या आत १५ रुपये. वजन सारखंच, त्यामुळे काटा इथे मदत करत नाही. मोहर दुर्मीळ, तिला संग्राहकांकडून सोन्याच्या भावापेक्षा बराच वर दर येतो. आय अक्षराची १९१८ ची गिनी तितकी दुर्मीळ नाही, पण आपल्याकडे तिला मागणी आहे. २०१३ पासून भारतात पुन्हा आय अक्षराच्या सॉव्हरिन पडू लागल्या, त्या एलिझाबेथच्या आहेत. त्या जुन्या म्हणून घेऊ नका.

व्हिक्टोरियाची १८४१ ची मोहर, मागे सिंह आणि ताडाचं झाड, ही वेगळी: ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. आणि 'शिवराई होन' म्हणून मुलामा दिलेले ठोकळे ठिकठिकाणी विकायला असतात, त्यांचा खऱ्या, पावणेतीन ग्रॅमच्या आसपासच्या होनाशी नक्षीपुरताही संबंध नसतो.

पाण्यातलं वजन

वजन, व्यास आणि ठसा तिन्ही ठीक वाटले तरी सोन्याचा कस कळत नाही. घनतेची तपासणी घरी होते आणि नाण्याला ओरखडाही पडत नाही. काट्यावर काचेचा छोटा पेला ठेवून अर्धा पाण्याने भरा, पाण्यात साबणाचा एकच थेंब टाका आणि काटा शून्यावर आणा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागा.

खऱ्या गिनीला ०.४५ किंवा ०.४६ दाखवेल, म्हणजे घनता साडेसतराच्या आसपास. ०.५२ आलं तर १८ कॅरेट. ०.४३ आलं तर सोनं २२ कॅरेटपेक्षा सरस, म्हणजे बहुधा सोनाराची गिनी. सिडनीच्या सुरुवातीच्या नाण्यांत तांब्याऐवजी चांदी होती, ती फिकट पिवळी दिसतात आणि घनता १८ पर्यंत जाते, तो दोष नाही. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर शेवटचा एक अंक हलला तरी घनता ०.४ ने बदलते, म्हणून तीनदा करा. ०.००१ ग्रॅमचा काटा मिळाला तर शंका उरत नाही. चुकण्याची कारणं नेहमीची: नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा (आकडा वाढतो), तळाला टेकलेलं नाणं (आकडा एकदम उडी मारतो), आणि चालू पंखा. कडीच्या पोकळीत हवा अडकते, तेव्हा कडीवाल्या गिनीवर हा प्रयोग फसवा आहे.

एक मात्र ध्यानात असू द्या. बेरूतसारख्या ठिकाणी १९५० नंतर पाडलेल्या नकला चक्क २२ कॅरेट सोन्याच्या आहेत, कारण तेव्हा गिनीला सोन्यापेक्षा जास्त भाव मिळत होता. तिथे पाणी काही सांगत नाही, भिंगच सांगतं.

गुजरीत गेल्यावर

सराफाला आधीच सांगा: कसोटीच्या दगडावर घासायचं नाही, तेजाब लावायचं नाही, तारेच्या ब्रशने धुवायचं नाही. क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या एक्सआरएफ यंत्रावर टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढून मागा. यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं, म्हणून कुंकू, तेल किंवा झाळ असलेल्या जागी आकडा चुकतो. दोन्ही बाजूंना, मोकळ्या जागेवर, कडीपासून दूर वाचन घ्या. खऱ्या गिनीला ९१.५ ते ९२ टक्के येतं. मुलामा जाड असेल तर यंत्रही फसतं, पण ते पाण्यात आधीच पकडलेलं असतं.

हिशोब स्वतः करून जा. मोजलेलं वजन गुणिले ०.९१६७, गुणिले २४ कॅरेटचा त्या दिवसाचा दर. समजा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर पूर्ण वजनाच्या गिनीचे ७३,२२० च्या आसपास होतात, ७.९५ ग्रॅम भरणारीचे ७२,८७०. दागिन्याला झाळ, मीना, मळ यासाठी घट धरतात. बिनकडीच्या गिनीत घट धरायला कारणच नाही. तीन टक्के घट धरली तर वरच्या दराने जवळजवळ २,२०० रुपये जातात. कडी असेल तर तिच्यापुरती घट मान्य करा, सगळ्या नाण्यावर नाही. 'हॉलमार्क नाही' म्हणून भाव पाडला तर यंत्राचा आकडा पुढे करा, जुन्या नाण्यावर हॉलमार्क कधीच नसतो. दहा हजारांवरची रक्कम दुकानदार साधारणपणे बँकेतूनच देतो, दोन लाख किंवा त्याहून जास्तीचा रोख व्यवहार कायद्यात बसत नाही. पावतीवर 'मोड' इतकंच न लिहिता साल, वजन आणि टंच लिहून घ्या.

साल किंवा अक्षर दुर्मीळ असेल तर मात्र गुजरी ही त्याची जागा नाही. सराफ सोनं विकत घेतो, नाणं नव्हे. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे स्पष्ट फोटो घेऊन नाण्यांचा लिलाव करणाऱ्या परवानाधारक संस्थेकडून अंदाज घ्या.

जुना वाडा पाडताना जमिनीतून किंवा भिंतीतून नाणी निघाली तर १८७८ च्या गुप्तधन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते परदेशी लेकीला पाठवता येत नाही, बॅगेतूनही नाही.

ठेवायची असेल तर

मळ काढायचाच असेल तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून दोन तास बुडवा, साध्या पाण्याने दोनदा धुवा, कापडावर ठेवून टिपून घ्या. घासू नका. चिंच, पीतांबरी, टूथपेस्ट, तिन्ही वर्ज्य. लक्ष्मीपूजनाचं कुंकू अक्षरांत बसतं आणि कोरड्या कापडाने पुसलं की त्याचे कणच ओरखडे काढतात. लालसर ठिपके म्हणजे मिश्रणातलं तांबं, ते असू द्या. मऊ प्लास्टिकचे अल्बम टाळा, त्यातून सुटणारा चिकट पदार्थ कोल्हापूरच्या पावसाळ्यात नाण्यावर हिरवट थर आणतो. २२ मिलिमीटरची अॅक्रिलिक डबी आणि आत सिलिका जेलची पुडी पुरते.

नवीन घ्यायचं असेल आणि राजाराणीचं आकर्षण नसेल, तर ५ नोव्हेंबर २०१५ ला आलेलं भारत सरकारचं सुवर्ण नाणं आहे: एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, २४ कॅरेट, ९९९ कस, ५ आणि १० ग्रॅम. ते मऊ असतं, गळ्यात घालण्यासारखं नाही. त्याचं सीलबंद वेष्टन फोडलं की विकताना पुन्हा टंच काढावा लागतो, तेव्हा पूजेलाही ते पाकिटासकटच ठेवा.